वाकळ हा शब्द काढून टाकला

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि माझीही शाळा चौथीतच सुटली, तरी लिहितोय. मी आता जयपूरला मुलाकडे असतो, शास्त्री नगरात. सून घरातूनच रजया विकते. चारदीवारीत, म्हणजे इथल्या जुन्या शहरात, कारागिरांकडून शिवून आणते, फोटो काढते आणि इंटरनेटवरच्या तिच्या दुकानात टाकते. लोक फोनवर शब्द लिहून वस्तू शोधतात. तो शब्द आपल्या मजकुरात असला तर आपलं दुकान समोर येतं. महाराष्ट्रातली गिऱ्हाइकं हवीत म्हणून मजकूर मराठीत हवा, आणि सुनेचं मराठी इथंच जयपुरात वाढलेलं. म्हणून मला धरलं.

"बाबा, रजईला आणखी काय काय म्हणतात? मतलब, गावाकडे?" ती विचारते. मी दुलई सांगतो, गोधडी सांगतो. पहिल्यांदा मी ओळीओळीत रजई घातलं तर हसली. "पोपट बोलतोय असं वाटतं, बाबा. शोधणाऱ्या मशीनलाही कळतं ते. बोलताना येईल तिथंच येऊ दे." मग मी बोलत गेलो, ती लिहीत गेली. थंडीत अंगावर दुलई, पाहुण्यांसाठी रजई. बोलण्याच्या ओघात वाकळ तोंडातून निघून गेलं. तिनं तेही घातलं.

मला तेव्हाच धास्ती वाटली. काकूनं एकदा बाजारातून नवं कापड आणलं होतं, वाकळ शिवून द्या म्हणाली. तू सुई खाली ठेवलीस. "नव्याची कसली गं वाकळ? मामंजींचं धोतर आण, तुझं विटकं लुगडं आण. घरातलं कुणी नको का तिच्यात?" काकू म्हणाली, "दिवसभर असतातच की उरावर, रात्री तरी सोडा वहिनी." तू पुन्हा सुई उचललीस आणि हसताना टाका चुकलीस. हे सगळं आठवत होतं, तरी तो शब्द काढ असं सुनेला म्हणालो नाही. सून खूश होती, आणि या घरात मला कुणीतरी काही विचारत होतं.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "अहो, वाकळ म्हणून मागवली मी सासूबाईंसाठी. त्या हातसुद्धा लावेनात. म्हणतात, हिला दुकानाचा वास येतोय." सुनेनं माफी मागितली, रजई परत घेतली. मला रागावली नाही. "कोई बात नहीं, बाबा," म्हणाली आणि तो शब्द काढून टाकला. त्यानंतर तिनं मला काही विचारलेलं नाही. तिचा फोन वाजला की मी हातातलं ठेवून कान देतो.

मशीन काढलेला शब्द लगेच विसरत नाही, असं मुलगा म्हणाला. म्हणून रोज सकाळी मी फोनवर वाकळ लिहून बघतो. कालपर्यंत आपलं दुकान येत होतं, आज आलं नाही. मी सुनेला म्हणालो, सुटलो, आता कुणी फसणार नाही. ती म्हणाली, बरं झालं.

मला बरं वाटलं नाही, आई. इथं हा शब्द मी कुणाशी बोलणार? तेवढ्या एकाच ठिकाणी तो होता. हे कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहितो, त्या रजईवर तो शब्द खोटा होता, तरी मला हवा होता.