किल्लीवरचा आकडा

४ फेब्रुवारी

कुलूपवाल्यांनी सगळे फोटो परत पाठवले. सगळे! फोनवर आवाज गोडच होता, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, ताई, कुलूप ओळखू येतंय, पण किल्लीवरचा आकडा वाचता येत नाही. गिऱ्हाईक आधी तोच बघतं. महिनाअखेर कॅटलॉग छापायला जायचाय. तोवर नाही जमलं तर काम दुसऱ्या कोणाला देतील. तसं बोलले नाहीत — पण मी काही दुधखुळी नाही.

मोठ्या पडद्यावर बघितले. खरंच आहे. लांबून छान दिसतात. जवळ गेलं की सगळं मऊ. साय धरल्यासारखं.

५ फेब्रुवारी

पहिला संशय कॅमेऱ्यावर. ऑटोफोकस किल्ली सोडून मागच्या कुलपावर जात असणार असं वाटलं. तो बंद केला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं केलं, लेन्स हाताने फिरवत आकडा अगदी धारदार होईपर्यंत थांबले, आणि मग बटण दाबलं. पडद्यावर धारदार, फोटोत मऊ!

लेन्सवरची संरक्षक काच काढली. लेन्स पुसली. दुसरी लेन्स लावली. तेच.

७ फेब्रुवारी

नवऱ्याचं मत — कॅमेरा जुना झाला. त्याच्या मते घरात काहीही बिघडलं की ते जुनं झालेलं असतं. तू सोडून, असं लगेच पुढे जोडलं. शहाणा आहे.

बटण दाबताना माझ्याच बोटाने हलत असेल म्हणून टायमर लावला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. कॅमेऱ्यातला आरसा उडतो त्याचा हादरा नको, म्हणून तो आधीच वर उचलून ठेवला. लेन्समधलं स्थिर धरणारं यंत्र बंद केलं. कॅमेरा ट्रायपॉडवर असला की ते उगाच स्वतःच चुळबुळ करतं. ट्रायपॉडचे पाय आवळले. मधोमध पिशवीत विटा घालून टांगल्या.

मऊ.

८ फेब्रुवारी

आज फ्लॅश मारून बघितला. एरवी मी टाळते, पितळेवर पांढरे डाग पडतात. पण आकडा कसा लख्ख आला! पाचाची शेपटीसुद्धा दिसली.

मग चहा घेऊन बसले आणि नीट विचार केला. फ्लॅशचा उजेड म्हणजे निमिषभर. माझा नेहमीचा फोटो खिडकीच्या उजेडात, शटर चांगलं सेकंदभर उघडं. म्हणजे फोकस बिचारा निर्दोष आहे. त्या सेकंदभरात काहीतरी हलतंय. किल्ली तर हलत नाही, मी लांब उभी.

पाण्याने भरलेली वाटी टेबलावर ठेवली. पाणी थरथरत होतं.

१० फेब्रुवारी

खालून येतंय हे उघडच होतं. आम्ही माडीवर, तळमजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई. भाऊजींनी तीन-चार महिन्यांपूर्वी पुठ्ठे कापायचं मोठं मशीन आणलं. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली आणि त्यात ते बसवलं. दिवसभर धाड-धाड चालू. आता कानांना कळतही नाही.

खाली जाऊन विचारलं, तासभर बंद ठेवाल का. भाऊजी लगेच उठले आणि त्यांनी मशीन बंद केलं. बोलल्या त्या जाऊबाई. पुठ्ठे मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"तुला खालची खोली हवी होती, ते आम्ही विसरलेलो नाही."

मी स्टुडिओसाठी मागितली होती, खरंय. नाही म्हणाले, तेव्हा मी विषय सोडला होता. त्यांनी सोडला नव्हता तर.

वर आले. फोटो काढला. मशीन बंद — आणि तरीही मऊ! थोडा कमी, पण मऊच. जिन्याखालून भाऊजींनी विचारलं, आलं का नीट? नाही म्हणावं लागलं. ते "बरं" म्हणाले. पुन्हा धाड-धाड.

११ फेब्रुवारी

कोणत्या तोंडाने खाली जायचं आता? नवरा म्हणतो, हा विषय परत काढू नकोस, आपल्याला एकाच घरात राहायचंय. त्याचंही बरोबर आहे. दोन भावांमध्ये आजवर आवाज चढलेला नाही. माझ्या पायी चढायला नको.

१३ फेब्रुवारी

खालची दोघं लग्नाला गेलीत. मशीन बंद, घर शांत. वाटीतलं पाणीही स्थिर. मी नुसता एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला, आणि पाणी हललं.

पूर्वी असं नव्हतं. याच जमिनीवर, याच टेबलावर मी दाराच्या मुठींचे फोटो काढले होते, असेच सेकंदभराचे, आणि एकही मऊ नाही. ते जुने फोटो उघडले. मागे हीच खिडकी. टेबलाची कड आणि खिडकीची चौकट अगदी समांतर. आजचा फोटो शेजारी ठेवला. समांतर नाहीत. टेबल एका बाजूला कललंय.

नवऱ्याच्या हत्यारांमधून पाणसळ आणली. चौकटीवर ठेवली — बुडबुडा मधोमध. टेबलावर — बाजूला. जमिनीवर खोलीच्या चारही कडांना ठेवून बघितली. जिथून बघावं तिथून उतार खोलीच्या मध्याकडे, जिथे खाली ती मधली भिंत होती.

कॅमेरा गेला उडत. जमीन बसतेय.

आणि हे मी खाली सांगायचं! काढलेल्या भिंतीबद्दल! मीच!

१४ फेब्रुवारी

सांगितलं.

काल नवऱ्याला पाणसळ दाखवली तेव्हा त्याने ती स्वतः जमिनीवर पुन्हा ठेवून बघितली. मग म्हणाला, मी येतो बरोबर. पण दारात पोचल्यावर तो माझ्या मागे सरकला. थोरल्या भावासमोर त्याचं असंच होतं. मीच पुढे झाले. खोलीबद्दल बोलले नाही, मशीनबद्दल बोलले नाही. दोन्ही फोटो कागदावर छापून नेले होते, ते भाऊजींच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, फक्त टेबलाची कड बघा.

जाऊबाई म्हणाल्या, आता हे काय नवीन. भाऊजींनी हातानेच त्यांना थांबवलं. एकदा हा, एकदा तो, असे किती वेळ फोटो बघत होते. मग छताकडे बघितलं. मीही बघितलं. नवा रंग होता. पण रंगाखाली एक रेघ गेलेली दिसत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"गवंडी म्हणाला होता, भिंत काढता तर वर लोखंडी तुळई टाका. मी म्हटलं, बघू पुढे." मग छताकडेच बघत म्हणाले, "रेघ दिसली तेव्हा रंग मारला."

जाऊबाईंच्या हातातले पुठ्ठे खाली पडले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मशीन बंद करायला भाऊजी स्वतःच उठले.

१६ फेब्रुवारी

इंजिनिअर येऊन गेले. सावकाश बोलणारा माणूस. छताखाली हात फिरवला, रेघेत पट्टी घालून बघितली. दोन्ही मजले रिकामे करा म्हणाले. कधी, असं नवऱ्याने विचारलं. ते म्हणाले, मी बोलतोय तेवढ्यात सुरुवात केलीत तर बरं. टेकू लावायला माणसं आणीन, पण आधी तुम्ही बाहेर पडा.

आधी माणसं, मग भांडीकुंडी. मशीन हलवणं शक्य नव्हतं. ते आतच राहिलं.

१७ फेब्रुवारी

समोरच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. चौघं जण, एक शेगडी. जाऊबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात — मीठ कुठे, झाडू दे. रागावल्यात की लाजल्यात, मला ओळखता येत नाही. त्यांनाही येत नसेल.

२० फेब्रुवारी

मागच्या खोलीला चांगली खिडकी आहे. तळमजला, खाली फरशी, फरशीखाली माती. टेबल मांडलं. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हलू का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, खुशाल हला. पहिलाच फोटो — आकडा लख्ख! त्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो मोठ्याने वाचला. मग जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.

कुलूपवाल्यांना वीस फोटो पाठवले. उत्तर आलं, ताई, आता कसं! काय बिघडलं होतं? मी लिहिलं, जागा बदलली.

२२ फेब्रुवारी

टेकूवाली माणसं सोमवारी येणार. भाऊजी रोज दोनदा जाऊन बाहेरूनच घर बघून येतात.

२३ फेब्रुवारी

दुपारी चहाच्या वेळेला आमची माडी खाली आली. सगळी जमीन थेट मशीनवर. आवाज या गल्लीपर्यंत आला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो. भाऊजी म्हणाले, "या वेळेला मी तिथेच उभा असतो."

अक्षर वाकडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा जाऊबाईंनी धरलाय, अजून सोडला नाही.