दोन-एक पडलं की

बाबा, एकच विचारायचंय. फाशांवर दोन-एक पडलं की कुठली सोंगटी हलवायची, हे तुम्ही मला एक सांगितलंत आणि दादाला दुसरं. का?

मढच्या त्या बंगल्याची राखण करता करता तुम्ही शेठकडून बॅकगॅमन शिकलात. पट जुना झाला तसा त्याने तो तुम्हालाच दिला. अजून डोळ्यांसमोर आहे, बंगल्यामागच्या आपल्या खोलीत मी चुलीपाशी बोंबील साफ करतेय आणि तुम्ही लादीवर पट मांडताय. एकटी सोंगटी सापडली की समोरचा मारणार, दोन जोडीने बसल्या की घर पक्कं, एवढं मला कळलं होतं. डावाच्या सुरुवातीलाच दोन-एक पडलं. दादाला म्हणालात, "उतरव एकटीला मोक्याच्या घरात. वाचली तर पुढच्या खेपेला तिच्या जोडीला दुसरी आण." मला म्हणालात, "तू नको गं असलं करू. मागची एक घर सरकव, मधली दोन घरं खाली आण. धोका कमी." मी तेव्हाच ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय. पोराला हिंमत शिकवायची, पोरीला जपून राहायला. पुढे शाळेतूनही मलाच काढलंत, म्हणजे माझा संशय काही हवेतला नव्हता.

आता बोरीवलीत नात मोबाईलवर तोच खेळ खेळते. तिला म्हटलं, विचार त्याला, दोन-एकला खरी चाल कुठली. म्हणाली, "आजी, दोन्ही सारख्याच गं. उन्नीस-बीस." त्या मोबाईलवर माझा भरवसा नाही. फासे तोच टाकतो, समोरून खेळतोही तोच, आणि वर सल्ला देतो. पण समजा खरं बोलतोय. मग दोन्ही सारख्या असताना पोरांत वाटणी कशाला केलीत?

दादाला फोन लावला. दात पडले तरी तोंड तसंच आहे. म्हणतो, "बाबा मला सांगायचे ना! 'हिची सोंगटी मेली आणि ही हरली, की ही बया अन्नाला शिवत नाही. घरात कोण सहन करणार?'"

"खोटारड्या, हे तुला आत्ता सुचलं."

"ताटावरून उठायचीस की नाही, तेवढं बोल."

मी फोन कापला. तुम्ही गेलात, साक्षीला तो एकटा, आणि तो तर पहिल्यापासून तुमचाच. शिवाय असं होतं तर मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?

काल संध्याकाळी नातीला म्हटलं, मोबाईल ठेव, माझ्याशी पटावर बस. दोन-एक पडलं. मुद्दाम दादाची चाल केली, एकटीला उतरवलं. कार्टीने लगेच मारली, वर हसली. तो डाव मी हरले. सुनेने पापलेट तळलं होतं. पोट बरं नाही म्हटलं आणि आत जाऊन पडले.

दादाने विचारलं तर पोटभर जेवले म्हणून सांगणार आहे. तुम्हाला तेवढं खरं लिहिलं, कारण हा कागद कुठे जायचा नाही.