खिडकीवरची कमान

नोर्बी, यूटलंड
११ एप्रिल २०११

ती. विबेकेताईस,

मेरेतेचा सा. न. वि. वि. यातला साष्टांग या खेपेला अगदी खरा धर, कारण हे पत्र मी पाठीवर पडून, पाय तीन उशांवर ठेवून लिहितेय. अक्षर वाकडं दिसलं तर टपालखात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईनं नाक मुरडू नये.

तब्येत म्हणशील तर जैसे थे. पडलेली असले की नाडी सत्तर, उभी राहिले की एकशे तीस, आणि सकाळी उठल्या उठल्या एकशे पन्नाससुद्धा. डॉक्टर परत तेच म्हणाले, की हृदय ठणठणीत आहे. त्याला हुकूम देणारी स्वायत्त मज्जासंस्था मनाला येईल ते हुकूम सोडते. मीठ खा, पाणी प्या, घट्ट मोजे घाला. जगाला मीठ सोडायला सांगतात आणि मी खारवलेल्या हेरिंग माशावर आणखी मीठ भुरभुरते. टोर्बेन म्हणतो, बायको लोणच्यासारखी मुरायला घातलीय. बटाटे स्टुलावर बसून सोलते. दुकानात रांग दिसली की माघारी फिरते.

आता खरं काम. चोवीस मेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. म्हणजे रिवाजाप्रमाणे शेजारी दारावर स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांची कमान बांधणार, सकाळी साडेसहाला सगळी गल्ली अंगणात येऊन गाणार, आणि आम्ही दोघांनी झोपेतून उठून आल्यासारखं कमानीखाली उभं राहायचं, चांगली सात कडवी. सकाळी साडेसहाला, ताई. दुसऱ्या कडव्यालाच मी खाली येईन, आणि लोक म्हणतील, आज पहाटेपासूनच घेतलीय वाटतं.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या ग्रेथेच्या साठीला सगळे प्याला उंचावून उठले, मीही उठले, आणि तिसऱ्या ‘हुर्रे’ला टेबलक्लॉथसकट खाली. माझ्या प्याल्यात पाणी होतं, पण वास कोण घेऊन बघतो? कुणी अवाक्षर काढलं नाही. आपली माणसं तशीच. उचललं, कोरी कॉफी पाजली आणि हवापाण्यावर बोलत बसले. तेव्हापासून मी तिच्याकडे गेले की ग्रेथे हळूच बाटली कपाटात ठेवते. मी ते तसंच राहू दिलं. पिणारी बाई गावाला कळते, तिला माफही करतात. उभं राहता न येणारी बाई कुणाला कळणार?

तेव्हा बावीस तारखेच्या बोटीनं आम्ही तुझ्या बेटावर येतो. टोर्बेन म्हणतो, तू म्हणशील तसं. पण दाढी करताना ते कमानीखालचंच गाणं गुणगुणत असतो.

पाहुणी म्हणून नको, फरारी म्हणून तरी आसरा द्यावा. लोभ आहेच.
तुझी मेरेते

रोन्ने, बोर्नहोम
१८ एप्रिल

चि. मेरेते हिस अनेक आशीर्वाद, त्यांतले दोन पाठीत धपाटे म्हणून घे.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझा रागच आला. तीन वर्षं गावानं तुला दारुडी समजायचं आणि तू ते पांघरूण घेऊन गुमान पडून राहायचं? आई असती तर तिनं घरोघर जाऊन सांगितलं असतं, आणि नको इतकं सांगितलं असतं.

माझं दार तुला सदा उघडं आहे, पण लपायला नाही. पंचवीस वर्षं त्या माणसानं तुझी पिरपिर ऐकलीय. त्याच्या वाट्याचं गाणं तू बोटीत बसून पळवू नकोस. ग्रेथेला कॉफीला बोलाव आणि सरळ सांगून टाक. तुला जमत नसेल तर मी लिहिते. बाई वाईट नाही, एवढं तुझ्याच पत्रावरून मला कळतं.

माझे गुडघे ठीक. मांजर माझ्यापेक्षा जाड झालंय. मीठ खात जा आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी विबेके

नोर्बी
२ मे

ती. ताईस सा. न.

ग्रेथेला काहीही लिहायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ.

काल ती अंडी मागायला आली. तिच्याकडे स्वतःच्या सात कोंबड्या आहेत. पाठीमागे हात घेऊन दाराचं माप सुतळीनं घेत होती, आणि टोर्बेन बिचारा छताकडे असा टक लावून बसला होता, जणू तिथे काही लिहिलंय. नवराबायकोला काही माहीत नसतं असं दाखवायचं ना. मी अंडी दिली, दार लावलं आणि स्टुलावर बसून रडले.

सांगून काय होणार? उठलं की धडधडतं, पडलं की थांबतं. हे मलाच ऐकायला आळशी बाईच्या सबबीसारखं वाटतं. आज ते मला हसत असतील. उद्या बिचारी म्हणतील, आणि बिचारीला कुणी अंडी मागायला येत नाही.

तिकिटं काढलीत. बिछाने घालून ठेव. रागावलीस तरी लोभ धरून ठेव, सोडू नकोस.
मेरेते

रोन्ने
९ मे

चि. मेरेते हिस आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधी दोन दिवस मी ग्रेथेला पत्र टाकून बसले होते. सगळं लिहिलं: नाडी, मीठ, मोजे, प्याल्यातलं पाणीसुद्धा. एकदा पेटीत टाकलेलं पत्र परत काढता येत नाही, हे तीस वर्षं खिडकीत बसून लोकांना मीच सांगत आले. आज पहिल्यांदा त्या लोकांची कीव आली.

चुकले असेन. पण तू सकाळी एकटी जमिनीवर पडलेली असशील आणि शेजारच्या घरातल्या बाईला वाटेल की नशा उतरल्यावर उठेल, या विचारानं मला झोप लागत नव्हती. मला भीती वाटते, मेरेते. माफ करायचं की नाही ते तू ठरव.
विबेके

नोर्बी
१३ मे

ताई,
तू हे करायला नको होतंस.
मेरेते

नोर्बी
२७ मे

ती. विबेकेताईस सा. न. मागच्या पत्रात घातला नव्हता तो धरून दोन.

आम्ही आलो नाही ते का, ते ऐक. बावीसला सकाळी बॅगेत मोजे टाकायला वाकले, ताठ झाले आणि सगळं काळं झालं. टोर्बेननं धरलं म्हणून डोकं वाचलं. त्या दिवशी नाडी खाली येईचना. बोट गेली.

तेवीसला पडल्या पडल्या दाराकडे कान लावून होते. कमान बांधणारे येतात तेव्हा कितीही दबकत आले तरी हातोडी ऐकू येतेच. संध्याकाळ झाली, अंधारलं, कुणी आलं नाही. मला वाटलं, झालं. ताईचं पत्र वाचून गावानं अंग काढून घेतलं. आणि काय सांगू, जिच्यापासून पळायला मी तिकिटं काढली होती ती कमान येत नाही म्हटल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. टोर्बेन नुसता हात धरून बसला.

सकाळी जाग आली ती खुडबुडीनं. दारापाशी नाही, आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी. टोर्बेननं पडदा सारला. खिडकीच्या चारी बाजूंनी स्प्रूस, वर पंचवीसचा चंदेरी आकडा. माळ दाराच्या मापानं विणलेली, त्यामुळे एका बाजूनं शेपूट खाली लोंबून माझ्या ट्यूलिपवर लोळत होतं. मागे तीसेक माणसं दवात उभी. गाणं सुरू झालं. टोर्बेननं मला उठवायला खांद्याखाली हात घातला, मीही जोर केला. ग्रेथेनं तिथेच सगळ्यांना हातानं थांबवलं आणि खिडकीतून आत वाकून म्हणाली, “मेरेते, पडून राहा. उभं राहायला आम्ही आहोत.”

मग सातही कडवी झाली. मी पडून ऐकली, सगळ्यांच्या देखत. नाडी एकशे दहा होती, पण ती रडण्याची. टोर्बेन मात्र लग्नातसुद्धा इतका रडला नव्हता.

नंतर ग्रेथे पाव घेऊन आत आली, पलंगाच्या कडेला बसली. पुष्कळ वेळ हवेबद्दल बोलली. मग म्हणाली, की तीन वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मीही एकदा सांगायला हवं होतं. आणि आम्ही परत हवेवर आलो.

तुझा राग अजून थोडा शिल्लक आहे. तो मी जपून ठेवणार आहे, म्हणजे जूनमध्ये तुला समजूत काढायला यावंच लागेल.

कमान रिवाजाप्रमाणे अजून काही दिवस राहील. रस्त्यानं जाणारे थबकतात आणि विचारतात, दार सोडून खिडकीला कशी काय बांधली? टोर्बेन कामावर असतो, तेव्हा उत्तर मीच देते. खिडकी उघडून, पडल्या पडल्या, आहे ते खरं सांगते.

लोभ इतका केलास, तसाच करत राहा; फक्त पुढच्या खेपेला मला आधी विचार.
तुझी मेरेते