उन्हात जांभळी, ट्यूबखाली निळी

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, काम लेझरचे स्फटिक घासून चकचकीत करणे (आता हात थकले), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही धाकाशिवाय सांगत आहे. मला अक्षरओळख नाही. वकीलसाहेब लिहीत आहेत, आणि मध्ये मध्ये स्वतःचे शहाणपण घालू नका असे त्यांना बजावले आहे.

१. राहते घर मुलाला. त्यातली तुंबणारी मोरी सुनेला. प्लंबरला तिच्याइतके कोणी घाबरवत नाही.

२. माझी घासायची तबकडी नातीला. मी घासायचे त्याच कारखान्यात ती स्फटिकांतून प्रकाश सोडून मोजते.

३. घरात मी ट्यूब लावू दिली नाही. म्हातारीचे नखरे म्हणून सगळे हसले. माझ्यामागे खुशाल लावा, पण कारण ऐकून घ्या.

कारखान्यात माझ्या शेजारी ठेंगणी घासायला बसायची. चाळीस वर्षांपूर्वी मी स्फटिकाची एक कांडी कारखान्याच्या अंगणातल्या उन्हात घासून पुरी केली. सुरेख जांभळी. तपासणीला न्यायला ठेंगणीच्या हाती दिली. त्या खोलीत त्याच दिवशी ट्यूब बसवल्या होत्या. आम्ही तोवर बल्बच पाहिलेले. नव्या साहेबांनी मला बोलावले. टेबलावर कांडी निळी.

मी म्हणाले, "ही माझी नव्हे. बदलली हिनं."

ठेंगणी म्हणाली, "अगं, नीट बघ की! तुझीच आहे."

कोणीही ती उचलून उन्हात नेली नाही. कबुलीजबाबावर अंगठा घेऊन ठेंगणीला चोर ठरवून काढले. कांडी भंगारात टाकली, ती मी पुरावा म्हणून घरी आणली. आठव्या दिवशी घरच्या अंगणात तिच्यावरचे फडके सोडले, तर जांभळी.

मी गप्प बसले.

नात गेल्या वर्षी म्हणाली, "आजी, यात निओडिमियम मिसळलंय. ते उजेडातला पिवळा गिळतं. उन्हात बाकीचे रंग भरपूर उरतात, म्हणून जांभळी. ट्यूबच्या उजेडात रंगच मोजके, म्हणून निळी. कांडी तीच गं."

कांडी तीच, हे मला चाळीस वर्षे ठाऊक होते. जिथे ट्यूब लागते, तिथे ठेंगणी उभी असते. भांडत नाही. नुसता हात पुढे करते, कांडी मागितल्यासारखा. दवाखान्यातही आली होती. डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून दिवा मालवला. तरी हात दिसत होता.

४. ती कांडी ठेंगणीच्या मुलीला. तिला गल्लीत अजून चोरटीची पोर म्हणतात. माझ्या मुलाने कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटताना, कलम तीन मोठ्याने वाचावे. कांडी आधी उन्हात, मग पहारेकऱ्याच्या ट्यूबखाली सर्वांना दाखवावी, आणि त्या मुलीच्या दारी नेऊन द्यावी. हे झाल्याशिवाय घर त्याच्या नावावर करू नये. तिने कांडी त्याच्या तोंडावर फेकली तर उचलावी, पुसावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. माझ्याच्याने तिच्या दारापर्यंत तीनदा जाणे झाले, कडी वाजवणे झाले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे.

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. समोरचा शिंपी (सही)

ठिकाण: राहत्या घराचे अंगण. मंगळवार, ता. ९, दुपार.

निशाणी डाव्या अंगठ्याची.

(वकिलाची नोंद: अंगठा दोनदा घेतला. घासकामाने रेघा झिजल्या असल्याने दोन्ही वेळा नुसता काळा डाग उमटला. तिसऱ्यांदा घेऊ का, असे विचारता बाई म्हणाल्या, "राहू द्या. ठेंगणीच्या कबुलीजबाबावरही असाच डाग होता. साहेबांना तो चालला होता.")