चटईभर कमी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी देवाचं नाव घेतलं, चटई काखोटीला मारली आणि नवं घर मोजायला गेलो. हसशील. कागदावर चटई क्षेत्र साडेसहाशे फूट लिहिलंय, मला वाटलं चटई लागणारच. दलालाने तोंड फिरवून हसू दाबलं आणि टेप काढून दिली.

टेपने पाचशे साठच भरले. बाकीचे कुठे गेले विचारलं, तर म्हणाला, काका, भिंतींची जाडी, जिना सगळं त्यातच धरतात. म्हटलं, मग चटई भिंतीच्या आत कशी अंथरू? तो टेप गुंडाळायला लागला.

तुझ्यासाठी ठरवलेल्या खोलीत अंथरून पाहिली. एक टोक भिंतीवर चढलं. मी तशीच पाठ टेकली, गुडघे मोडून. राग यायला हवा होता, आला नाही. तुझी भावजय गेल्यापासून आत काही पोचतच नाही. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो, घरी येतो, पडतो.

विसार दिलाय. घर तिच्या पसंतीचं, मोडवत नाही. तिकडे तुझा घरमालक जागा सोड म्हणून मागे लागलेला. काय करू, कळव.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. दलालाला म्हणावं, जिन्यातली माझ्या वाट्याची जागा खडूने आखून दे, तिथे अंथरूण टाकते. येणाऱ्याजाणाऱ्यांनी म्हातारीला ओलांडून जावं.

आता नीट ऐक. तिची पसंती म्हणतोस, पण ती पोर ते घर बघायला गेली होती का? तिला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. पडल्या पडल्या जाहिरातीचा कागद वाचला आणि फोनवर मला म्हणाली, वन्सं, एवढ्या जागेत तुमची खोली सहज निघते, आता सबबी पुरेत. तिने पसंत केलं ते साडेसहाशे फुटांचं घर. ते तिथे नाहीच, मग तू मोडतोस काय?

जेवत जा. नुसत्या चहावर राहतोस, हे मला इथे बसून कळतं.

मायेपोटी बोलले, मनात धरू नकोस.

तुझी,
ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दलालाच्या कचेरीत गेलो. त्याने आधी समजावलं, मग वैतागला. नव्वद फुटांसाठी कोणी घर सोडतं का, म्हणाला. मी म्हटलं, त्या नव्वद फुटांत माझी बहीण राहणार होती. बहुधा मोठ्याने म्हटलं, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी लिहायची थांबली. विसार परत द्यायचं त्याने कबूल केलं. कागदावर तुझ्या भावजयीचं आणि माझं, दोघांची नावं होती. त्यावर आडवं रद्द लिहिलं, खाली मी एकट्याने सही केली. मोकळं वाटलं असं नाही, वाईट वाटलं असंही नाही. दुपारच्या पाळीला गेलो.

दुसरं घर मिळेल तेव्हा मिळेल, तोवर या भाड्याच्या जागेत ये. तिचं कपाट उघडायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. आज उघडलं. कपडे खोक्यात भरले, फळ्या पुसल्या, माझं अंथरूण बाहेर आणलं. आतली खोली तुझी.

येताना पत्रातला राग लोभ बरोबर घेऊन ये.

तुझा,
धाकटा