दगडोजीच्या विद्याबदलाची तजवीज

मी, भगवानराव आश्रुबा तांदळे, वय ७१, निवृत्त दस्तलेखक, राहणार बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल शंका घेतली आहे, डोक्याबद्दल नाही. डोक्याबद्दल पत्नी सौ. विजयमाला घेतात, पण त्यांच्याकडे तसा दाखला नाही. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी सौ. विजयमाला यांना, त्यांच्या पश्चात कन्या सुकन्या हिला. घर विकायचे झाल्यास माझी हरकत नाही. मात्र समोरच्या खोलीतले मोठे टेबल दारातून निघत नाही, हे घेणाऱ्यास आधी सांगावे. ते आत कसे आले हे मलाही आठवत नाही.

कलम २. टंकलेखन यंत्र सुकन्येला. तिला ते नको असणार हे ठाऊक आहे. तरी द्यावे.

कलम ३. मेहुणे धोंडीराम यांनी नेलेली शिडी परत मागू नये. फक्त ते घरी आले की दर खेपेला शिडीची प्रेमाने चौकशी करावी.

कलम ४. सुकन्येने पुण्याहून आणलेला खेळ. माहीत नसणाऱ्यांसाठी खुलासा: यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याची ताकद, बुद्धी, विद्या कागदावर मांडायची आणि त्याच्या वतीने बोलायचे. गोष्ट मी सांगतो. जमले की फसले ते फासे ठरवतात. दर रविवारी आम्ही चौघे बसत असू: मी, विजयमाला, शेजारचे रामेश्वर आणि जन्मभर मेंढरे राखलेला माझा बालमित्र हरिबा. फासे, नकाशे आणि गोष्ट सांगण्याचा अधिकार विजयमाला यांना.

कलम ५. हरिबाचे पात्र म्हणजे दगडोजी. अंगात हत्तीचे बळ, हातात कुऱ्हाड, डोक्यात काही नाही. हरिबानेच तसे मांडले होते. दसऱ्यानंतर तो म्हणाला, "माझ्या गड्याला आता मारामारी न्हाई करायची. लई माणसं मारली त्यानं. त्याला औषधपाणी शिकू दे."

मी म्हणालो, नोंदलेला दस्त असा बदलत नसतो. आज दगडोजी वैद्य झाला तर उद्या रामेश्वरचा चोर कीर्तनाला उभा राहील. हरिबा उठून गेला तो आजतागायत फिरकला नाही. तेव्हापासून रविवारी टेबलावर नुसता चहा होतो.

विजयमाला म्हणाल्या, "लग्न झालं तवा तुमाला चहा तरी करता येत व्हता का? मी दवाखान्यात पडले तवा भाकरी शिकलातच ना?" भाकरीचा मुद्दा विषय सोडून होता, पण मला खोडता आला नाही. हरिबाविना मला करमत नाही, हेही येथे स्पष्ट लिहितो. सबब माझ्या मृत्यूनंतर दगडोजीस कुऱ्हाड टाकून वैद्यकी घेण्याची पूर्ण मुभा असावी. बळ जेवढे घटेल तेवढीच विद्या वाढावी, जास्त नाही.

शेरा. आज साक्षीसाठी रामेश्वर हरिबाला घेऊन आले. त्याने चष्मा लावून कलम ५ वाचले आणि कागद खाली ठेवला.

"म्हंजी तू मरंस्तोर माझ्या गड्यानं माणसं मारीत बसायचं का बे?"

मी सांगितले, मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, तसा कायदाच आहे.

"मग ह्यात कावून लिहिलं? तोंडानं सांग की. मला तू गेल्यावर न्हाई खेळायचं. तू हाईस तवर खेळायचं हाय."

डोळे पुसून झाल्यावर दुसरी अडचण ध्यानात आली. कलम ५ मुळे हरिबा लाभार्थी ठरतो आणि लाभार्थ्याने साक्ष करू नये, हे जन्मभर मीच लोकांना बजावत आलो. सबब कलम ५ रद्द. खाडाखोड मान्य, समासात सही केली आहे. दगडोजीची कुऱ्हाड आजपासून खाली.

या मृत्युपत्राने हरिबास काहीही मिळत नाही. त्याचे त्याला मिळाले आहे, म्हणून त्याची साक्ष चालते.

लिहून ठेवणार: भगवानराव आश्रुबा तांदळे (सही)

साक्षीदार:
१. हरिबा सोनाजी येडगे (सही)
२. रामेश्वर लक्ष्मण जाधवर (सही)

ठिकाण: बीड
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५