जळक्या तांब्याची पिशवी

उस्ताद, तुमच्या घरची मोटार पुन्हा माझ्या टेबलावर आली आहे. हौदावरची, एक एचपीची, तुम्ही स्वतः बसवलेली. तुमच्या बेगम, आमच्या अम्मी, ती परवा पोत्यात घालून नांदेडहून बिलोलीला घेऊन आल्या, या वयात, बसमध्ये पायाशी ठेवून. कंडक्टरनं उतरवून दिली म्हणे. नांदेडात चौकाचौकात जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारे बसलेले असताना त्यांना माझंच दुकान लागतं, कारण मी तुमच्या हाताखाली शिकलो. मोटारीबरोबर त्यांनी एक कापडी पिशवी दिली. "बेटा, जळकं तांबं ह्यात टाक. आपल्या घरचा रिवाज हाय, तुला काय सांगायचं." उद्या सकाळी त्या न्यायला येणार आहेत. दोन दिवस ती पिशवी माझ्यासमोर खुंटीला लटकते आहे आणि मला तुमचा भयंकर राग येतो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो आहे.

तो रिवाज अम्मींचा नव्हे, तुमचा. मोटार जळली की आतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, आणि जुनी काळी पडलेली तार गिऱ्हाइकाच्याच पिशवीत घालून परत द्यायची. बाकीचे दुकानदार ती ठेवून घ्यायचे, गिऱ्हाईकही विचारायचं नाही. तुम्ही मात्र पिशवी आणली नसेल तर भरलेली मोटारही हातात द्यायचा नाहीत. मी एकदा एका शेतकऱ्याच्या मोटारीतली मुठीत मावेल एवढी तार पोत्याखाली सारली होती. माझं लग्न झालं होतं, घरी पहिलं बाळ होतं, आणि तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर पोतं उचललंत. आवाज चढवला नाहीत. "मुदखेडची गाडी किती वाजता हाय?" एवढंच विचारलंत. मग म्हणालात, "जा. त्याच्या हातात दे, आन् मी ठेवून घेतलं होतं म्हणून सांग. दुसरं काही बोलू नको." मी त्या मूठभर तारेसाठी मुदखेडला गेलो. ते शेतकरी काका हसले, म्हणाले, तुझा उस्ताद लई येडा हाय, आणि मला चहा पाजला. परतीच्या गाडीत मी दारात उभा राहून तुम्हाला शिव्या घातल्या. सगळ्या घातल्या, एकही शिल्लक ठेवली नाही.

आज त्याहून जास्त चिडलोय. कारण आता मला कळतंय की तुमचं इमान स्वस्तात पडलं होतं. तुमच्या वेळी तांबं होतंच काय भावाचं? मूठभर तार परत देऊन तुमचं काय जात होतं? आता इथं येऊन बसा उस्ताद, माझ्या स्टुलावर. रोज सकाळी चहाच्या आधी तारवाल्याचा आजच्या भावाचा मेसेज येतो. लंडनच्या बाजारात काहीतरी हललं की बिलोलीत माझ्या हाताला घाम सुटतो. दूर देशात, पार चिलीला, एखादी खाण बंद पडली म्हणे, म्हणून इथल्या माणसाची मोटार महाग. मध्यंतरी तार कंपनीनं आम्हा सगळ्या भरणाऱ्यांना लातूरला बोलावलं होतं, हॉटेलात, जेवणासकट. एक तरणा साहेब पडद्यावर वर वर चढत जाणाऱ्या रेघा दाखवत होता. विजेच्या गाड्या येणार, त्यांना तांबं. कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहणार, त्यांना तांबं. सूर्याची वीज आणायची, तिलाही तांबं. खाणी पुरणार नाहीत, मागणी वाढतच जाणार, आणि हे सगळं तो असं सांगत होता की जणू आमच्या घरचं लग्न ठरलंय. मी उठून विचारलं, "साहेब, मग आमच्या लोकायच्या मोटारी कशानं भरायच्या?" तो गोड हसला. "काका, अॅल्युमिनियम आहे की." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला उठले. मीही उठलो. श्रीखंड चांगलं होतं, हेही सांगून टाकतो.

म्हणजे त्यांच्या शहरातली हवा स्वच्छ व्हावी म्हणून कुठला तरी डोंगर खणायचा, त्यातलं चांगलं तांबं त्यांनी न्यायचं आणि आमच्या विहिरीवर ती पांढरी तार. वरून लालसर लेप दिलेला असतो, नखानं खरवडल्याशिवाय कळत नाही. तेवढंच काम घ्यायचं तर ती जाड लागते, पण मोटारीच्या खाचेत जाड तार बसत नाही. मग बारीक भरायची, आणि ती तापते, आणि उन्हाळ्यात ऐन गरजेच्या दिवशी जळते. हे मला कुणी शिकवायची गरज नाही, तुम्हीच शिकवलंय. मोटार भरायला बसलो की तुमचा हात माझ्या खांद्यावर असल्यासारखा मी सावध असतो, आणि तरीही भरतो. सगळेच भरतात. न भरणाऱ्याच्या दुकानात माश्या बसतात.

अम्मींच्या मोटारीत मागच्या साली मीच अॅल्युमिनियम भरलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "काय होतील ते सांग बेटा, देते." त्यांच्याकडून तांब्याचे पैसे मागायला माझी जीभ वळली नाही. कमी पैसे सांगितले, आणि मी त्यांच्यावर उपकार करतोय असं मला खरंच वाटत होतं. कशानं भरली ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारायचं कशाला, उस्तादांचा माणूस भरतोय. परवा त्यांनी मोटार टेबलावर ठेवली आणि विचारलं, "एवढ्या लवकर कशी जळली रे?" मी म्हणालो, "व्होल्टेज लई कमी-जास्त होऊन राहिलं अम्मी, त्याच्यानं." आमच्या धंद्यात हे उत्तर कधी वाया जात नाही. त्यांनी विजेवाल्यांना दोन शिव्या दिल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

काल मी मोटार पुन्हा भरली, या खेपेला तांब्यानं, वरून जाड सूत, दोनदा वार्निश. पैसे घेणार नाही. पण आतून जे निघालं ते पिशवीत टाकता येत नव्हतं. पांढरं, हलकं, वितळून गोळा झालेलं. अम्मींनी चाळीस वर्षं तुमच्या घरात तांबं हातात घेतलंय, पिशवी उचलताक्षणी त्यांना कळलं असतं. हे पत्र लिहून त्या पिशवीतच ठेवावं, म्हणजे त्या घरी जाऊन वाचतील, असं सकाळपासून मनात होतं. ठेवणार नाही. तुम्हाला काय, तुम्ही मला मुदखेडची गाडी विचाराल आणि मोकळे व्हाल.

पिशवी भरून ठेवली आहे उस्ताद. हातात घेतली की वजन बरोबर लागतं. आत चांगलं जळकं तांबं आहे, देगलूरकडच्या एका बाईच्या मोटारीतलं. गेल्या आठवड्यात ती मोटार घेऊन गेली. तिनं पिशवी आणली नव्हती, आणि मी मागितली नाही.